बल्ब लागला

गाडीच्या बॉनेटखाली वाकण्याआधी मन्मथअप्पा शर्टाचं वरचं बटण लावून घ्यायचे. गॅरेजात बाकीचे सगळे कामाला लागताना बटणं सोडतात, बाह्या सारतात. हे गृहस्थ मात्र लग्नाला निघाल्यासारखे गळ्यापर्यंत बंद व्हायचे. त्यांच्या गळ्यात चांदीच्या लहानशा डबीत इष्टलिंग असायचं, ते लोंबून तेलकट इंजिनाला लागू नये म्हणून ही व्यवस्था. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगात धुतलेला पांढरा शर्ट, आणि संध्याकाळी घरी जाताना तो शर्ट तसाच पांढरा. वायरिंगचं काम करणाऱ्या माणसाचा शर्ट दिवसभर पांढरा राहतो यावर माझा सुरुवातीला विश्वासच बसेना. मला वाटायचं, हा माणूस काम करतच नसावा.

नांदेडला लातूर फाट्याजवळ फेरोजभाईंचं गॅरेज होतं, तिथली ही गोष्ट. अप्पा तिथे पंचवीसेक वर्षं गाड्यांचं वायरिंग करत होते. मी डिप्लोमा करून, पुण्याच्या एका वर्कशॉपमध्ये चार वर्षं काढून, काखेत स्कॅनर मारून तिथे दाखल झालो. स्कॅनर म्हणजे पाटीएवढं एक यंत्र. त्याची वायर स्टेअरिंगखालच्या खोबणीत खुपसली की गाडीच्या इंजिनाचा कॉम्प्युटर त्याच्याशी बोलतो आणि काय बिघडलंय ते सांगतो. निदान सांगावं अशी अपेक्षा असते. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि माझ्या डोक्यात किती हवा होती ते मोजायची सोय त्या यंत्रात नव्हती.

अप्पांनी पहिल्याच दिवशी स्कॅनरचं नाव ‘पंचांग’ ठेवलं. मी वायर लावली की ते शेजारी येऊन उभे राहायचे आणि गंभीर चेहऱ्याने विचारायचे, “बगा इंजिनिअर, पंचांग काय म्हणून राहिलंय?” मी इंजिनिअर नव्हतो, पण हे संबोधन मी कधी दुरुस्तही केलं नाही.

त्यांचं स्वतःचं यंत्र म्हणजे एक बल्ब. जुन्या गाडीच्या इंडिकेटरचा बल्ब, त्याला दोन वायरी. एका वायरीच्या टोकाला चिमटा आणि दुसरीच्या टोकाला गोधडी शिवायचं दाभण. चिमटा बॅटरीला लावायचा आणि दाभणाने एकेक वायर टोचत जायचं. बल्ब लागला की करंट आहे, नाही लागला की नाही. या बल्बावर त्यांनी नांदेड ते देगलूर रस्त्यावरच्या किती गाड्या चालू केल्या असतील, देव जाणे. लोक त्यांना ‘बल्बवाले अप्पा’ म्हणायचे. तेव्हा ते कौतुकाने म्हणायचे.

गाडी आली की अप्पा लगेच बॉनेट उघडायचे नाहीत. आधी मालकाला सावलीत घ्यायचे, पाणी द्यायचे आणि विचारायचे, “काल काय केलतं गाडीला?” काय झालं असं नाही, काल काय केलं. मालक म्हणायचा, काहीच नाही अप्पा, चांगली चालत होती. अप्पा मान हलवायचे आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायचे. तिसऱ्या वेळेला मालकाला आठवायचं की काल नवा हॉर्न बसवला, परवा गाडी धुतली, किंवा मेहुण्याने गाडीत गाणी वाजवायचं काहीतरी जोडून दिलं. मला ही चौकशी फार पाल्हाळ वाटायची. तोवर मी वायर लावून मोकळा झालेला असायचो.

एकदा एका गाडीत मला एकदम अकरा चुका दिसल्या. हा सेन्सर गेला, तो सेन्सर गेला, ब्रेकचा कॉम्प्युटर बोलत नाही, गिअरचा बोलत नाही. मी कागदावर यादी करायला बसलो. अप्पांनी यादी हातात घेतली, लांब धरून पाहिली आणि परत दिली.

“इतक्या जणांना एकदम ताप येत न्हाई, इंजिनिअर. घरातलं पाणी खराब आसंल.”

“म्हणजे?”

“म्हंजे अर्थ लागंना गेलाय गाडीला.”

मला वाटलं, म्हातारा तत्त्वज्ञान सांगतोय. गाडीचा अर्थ लागत नाही! मी हसलो आणि चहावाल्यालाही तो विनोद सांगितला. अप्पांनी इकडे शर्टाचं बटण लावलं, वाकले, आणि इंजिनापासून बॉडीला जाणारी जाडजूड काळी पट्टी सोडली. गाडीला नुकताच रंग मारलेला होता आणि त्या पट्टीच्या बोल्टाखाली रंगाचा थर बसला होता. अप्पांनी सुरीने रंग खरवडला, लोखंड चमकेपर्यंत घासलं, बोल्ट आवळला. अकराच्या अकरा चुका गेल्या. त्यांचा ‘अर्थ’ म्हणजे अर्थिंग, करंट परत जायची वाट. ती वाट बंद झाली की गाडीतलं प्रत्येक यंत्र वेड्यासारखं बरळायला लागतं, हे मी डिप्लोम्यात शिकलो होतो, त्यावर गुणही मिळवले होते. फक्त तो शब्द इथे असा बोलतात हे मला माहीत नव्हतं.

“अर्थ लागला की समदं बोलतंय,” अप्पा हात पुसत म्हणाले. चहावाल्याला हा भाग सांगायला मी गेलो नाही.

कंधारची हकीकत मात्र सांगायला हवी. तिथल्या एका घरी लग्न होतं आणि नवरदेवाची गाडी चालू होईना म्हणून फेरोजभाईंनी आम्हा दोघांना मोटारसायकलवर पाठवलं. मांडवात पाहुणे जमलेले, गाडीला झेंडूच्या माळा. मी स्कॅनर लावला तर स्कॅनरचा दिवाच लागेना. पुन्हा लावला, पुन्हा काढला. शंभर माणसं बघत असताना यंत्र मुकं राहिलं की फार अपमान होतो. मी सरळ जाहीर केलं, “कॉम्प्युटर गेलाय. गाडी ओढून नांदेडला न्यावी लागेल.”

नवरदेवाची आई मटकन खाली बसली. अप्पांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “बोलून न्हाई राहिली म्हंजे मुकी हाय का? तुझं तिला ऐकूच गेलं नसंल,” असं हळूच मला म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. समोर सिगारेट पेटवायची जी खोबण असते, जिथे आपण मोबाइलचं चार्जर लावतो, त्यात पितळेचं एक छोटं उदबत्तीचं घर घट्ट बसवलेलं होतं. मापात बसलं म्हणून कुणीतरी हौसेने ठोकलं होतं. त्या खोबणीचा आणि स्कॅनरच्या खोबणीचा फ्यूज एकच. पितळ टेकलं, फ्यूज उडाला, माझा स्कॅनर मेला. तिथला फ्यूज बदलताना अप्पांना शेजारचा इंजिनाचा फ्यूजही सैल दिसला, तो त्यांनी दाबला, आणि गाडी पहिल्या चावीला सुरू झाली.

नवरदेवाचे वडील दाराशी अंग चोरून उभे होते. ते उदबत्तीचं घर त्यांनीच बसवलं होतं, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. चार पाहुण्यांनी विचारलं, काय झालं होतं हो? अप्पा म्हणाले, “फ्यूज जुना झालता. काई न्हाई.” मग ते पितळी घर त्यांनी रुमालाने पुसलं, त्या वडिलांच्या हातात दिलं आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, “भाऊ, हे वर काचेपाशी चिकटवा. तिथं बी देवाला दिसतंय.”

परतताना मी मागे बसून म्हणालो, “अप्पा, खरं सांगितलं असतं तर लोक हसले असते, मजा आली असती.”

“कुणाला?” अप्पांनी विचारलं.

आता मी त्यांच्याशी कसा वागत होतो तेही लिहायला हवं, नाहीतर हे लिहिण्यात अर्थ नाही. अप्पा शाळेच्या दोनशे पानी वहीत गाड्यांचे नकाशे उतरवून ठेवायचे. कुठली वायर कुठून कुठे जाते, कुठल्या रंगाची. इंग्रजी त्यांना मोठ्या अक्षरांपुरतं येई, म्हणून रंगांची नावं त्यांची स्वतःची होती. हळदी, काथ्या, राखी, मिरची. माझ्या मोबाइलवर नकाशा आला की ते वही घेऊन बसायचे. “हे काय लिहिलंय वाचून दाव की.” मी वाचायचो, पण कपाळाला आठ्या घालून. तेच त्यांनी पुन्हा विचारलं की मी सगळ्यांसमोर म्हणायचो, “अप्पा, या वयात परीक्षा द्यायचीय का?” लोक हसत. अप्पाही हसत आणि पुन्हा विचारत. कॉम्प्युटरच्या वायरींना बल्ब कधी लावायचा नाही, त्या नाजूक असतात, एवढा करंट त्यांना सोसत नाही, हे त्यांना मी सांगितलं नव्हतं. ते त्यांनी स्वतःच शोधून वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिलं होतं. कॉम्प्युटरच्या गाडीत ते बल्ब फक्त बॅटरी, फ्यूज आणि अर्थ तपासायला वापरत आणि पुढे गेले की मीटर काढत.

मुदखेडचे माधवराव त्यांची सात सीटची डिझेल गाडी दोरीने ओढून घेऊन आले तो सोमवार होता. ते लातूरला क्लासला असलेल्या मुलांच्या आईबापांची ने-आण करत. स्टार्टर फिरत होता पण इंजिन पकडत नव्हतं. मी स्कॅनर लावला. दिवा लागला, पण पडद्यावर आलं की गाडीशी संपर्क होत नाही. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच.

“काल काय केलतं गाडीला?” अप्पांनी विचारलं.

“काहीच न्हाई.”

“तसं नगं. आठवा.”

बॅटरी बदलली होती. नवी बॅटरी आकाराने मोठी होती, जुन्या ट्रेमध्ये बसेना, म्हणून बदलणाऱ्याने ट्रे वाकवून ती दाबून बसवली होती. अप्पांनी मान हलवली. चिमटा बॅटरीच्या प्लसला लावला आणि दाभणाने एकेक अर्थ तपासू लागले. बॉडीला बल्ब लख्ख लागला, इंजिनालाही लख्ख लागला. कॉम्प्युटरच्या अर्थचा बोल्ट ट्रेच्या कडेला होता, तिथे मात्र तो मंद लागला.

“बग. हितं जीव न्हाई. ट्रेखाली वायर दबून राहिली आसंल. ट्रे काढावा लागतो.” ट्रेचा बोल्ट खोल होता, त्याला लांब दांडीचा पाना लागायचा आणि तो शेजारच्या गॅरेजात होता. अप्पांनी दाभण अलगद एअर फिल्टरच्या झाकणावर ठेवलं, चिमटा तसाच राहू दिला आणि म्हणाले, “पाना घेऊन आलोच. तवर हात लावू नको.”

हात लावू नको, हे मला लागलं. माधवराव ऐकत होते. मी तिथला शिकलेला माणूस, आणि हे मला माधवरावांसमोर हात लावू नको म्हणतात. मी मोबाइलवर त्या गाडीचा नकाशा काढला. कॉम्प्युटरच्या जोडणीत अर्थच्या वायरी कुठल्या ते पाहिलं. म्हटलं, म्हातारा येईपर्यंत ट्रे न काढताच, थेट कॉम्प्युटरपाशी अर्थ येतोय की नाही ते दाखवून देतो. माधवराव तेवढ्यात चहा सांगायला गेले. मी अप्पांचं दाभण उचललं आणि जोडणीच्या मागून एका वायरीत खुपसलं.

बल्ब क्षणभर लागला आणि विझला. नखाएवढा आवाज झाला. मग जळका वास आला. ज्याने तो वास एकदा घेतलाय त्याला तो पुन्हा ओळखायला वेळ लागत नाही. मी नकाशा पुन्हा पाहिला. तो या गाडीचाच होता, पण दोन वर्षं आधीच्या मॉडेलचा. ती वायर अर्थची नव्हतीच.

मी दाभण पुन्हा झाकणावर ठेवलं. जसं होतं तसं, टोक त्याच दिशेला करून. हे मला आजही नीट आठवतं. घाबरलेल्या माणसाचे हात इतके व्यवस्थित चालतात याची मला तोवर कल्पना नव्हती.

अप्पा पाना घेऊन आले. बॅटरी वायरींसकट उचलून बाजूला टेकवली, ट्रे काढला. खाली वायर दबून अर्धी तुटलेली होती, अगदी त्यांनी सांगितल्यासारखी. त्यांनी ती सोलली, जोडली, बोल्ट घासला. “लाव पंचांग,” ते म्हणाले. आवाजात आनंद होता. मी स्कॅनर लावला. संपर्क होत नाही.

त्यांनी पुन्हा बोल्ट पाहिला. फ्यूज पाहिले. दोन तास ते त्या बॉनेटखाली होते. “अर्थ तर लागला की,” असं स्वतःशीच म्हणत होते. त्या दिवशी त्यांचा शर्ट पहिल्यांदा काळा झालेला मी पाहिला. मी शेजारी उभा राहून त्यांना पाने देत होतो.

दुपारी फेरोजभाई आले. त्यांनी कॉम्प्युटरची पेटी काढायला लावली, उघडली. आत एका कोपऱ्यात काळा डाग पडला होता.

“ये कैसा हुआ रे?” फेरोजभाईंनी विचारलं. माझ्याकडे बघून विचारलं.

माधवराव उभे होते, अप्पा हात पुसत उभे होते. मी म्हणालो, “बल्ब लागला.”

एवढंच. बल्ब ‘लावला’ असं मी म्हणालो नाही, ‘लागला’ म्हणालो. ‘लावला’ म्हटलं की कुणी लावला हे सांगावं लागतं. ‘लागला’ला कर्ता लागत नाही. ठेच लागते, थंडी लागते, तसा बल्ब लागला. त्या एका अक्षराच्या आडोशाला मी जाऊन उभा राहिलो आणि सगळ्यांच्या नजरा त्या बल्बाकडे गेल्या. चिमटा अजून बॅटरीला होता. बल्ब कुणाचा हे नांदेडात कुणाला सांगायची गरज नव्हती.

अप्पांनी बल्बाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग ते म्हणाले, “चिमटा मीच लावून गेलतो.”

“क्या अप्पा, तुम भी,” फेरोजभाई म्हणाले. ते रागावले नाहीत, त्यांचा आवाज उलट मऊ झाला. माधवराव मात्र रागावले. दुसरा कॉम्प्युटर हैदराबादहून येईपर्यंत त्यांची गाडी उभी राहिली आणि या काळात त्यांनी मुदखेडपासून लातूर फाट्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं की म्हाताऱ्याने बल्ब लावून गाडीचा कॉम्प्युटर जाळला. माझ्या ‘लागला’चं त्यांनी बिनदिक्कत ‘लावला’ करून टाकलं.

त्यानंतर फेरोजभाईंनी एकच बदल केला. कॉम्प्युटरच्या गाड्या मी बघायच्या आणि अप्पांनी ट्रॅक्टर, जुन्या जीपा, हॉर्न, दिवे बघायचे. पण आता कॉम्प्युटर नसलेली गाडी येते कुठे? अप्पा आंघोळ, पूजा करून, पांढरा शर्ट घालून वेळेवर यायचे आणि बाकावर बसून राहायचे. सुरुवातीला ते विचारायचे, “इंजिनिअर, बगू का जरा?” मी म्हणायचो, “राहू द्या अप्पा, मी करतो.” पुढे त्यांनी विचारणं सोडलं. ‘बल्बवाले अप्पा’ हे नाव तेच राहिलं, फक्त म्हणणारे आता हसून म्हणत. एक दिवस कुणीतरी बाकाशेजारी खिळ्याला फुटका बल्ब टांगून ठेवला. अप्पांनी तो काढून कचऱ्यात टाकला. मी पाहिलं होतं कुणी टांगला ते. मी ते कुणाला सांगितलं नाही.

वर्षभराने ते लातूरला मुलीकडे राहायला गेले. जाताना वह्या माझ्याकडे दिल्या. “तुला कामाला येतील,” म्हणाले. आल्या. आज माझं स्वतःचं वर्कशॉप आहे, आणि बिघाड शोधण्यात माझं जे थोडंफार नाव आहे त्यातला मोठा भाग त्या वह्यांचा आहे. कुणी कौतुक केलं की मी अप्पांचं नाव घेतो. ते घेताना मला चांगलं वाटतं, आणि ते चांगलं वाटणं हा त्यातला सगळ्यांत घाणेरडा भाग आहे.

कारण इतकी वर्षं मी एक समजूत धरून होतो. त्या दुपारी त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्या पाहण्यात त्यांना सगळं कळलं होतं, अशी माझी समजूत. कंधारच्या त्या वडिलांना जसं वाचवलं तसं त्यांनी मला वाचवलं, असं मी ठरवून टाकलं होतं. म्हणजे माफी मागायचा प्रश्नच नव्हता. ती मी परस्पर घेऊन मोकळा झालो होतो.

गेल्या वर्षी कामासाठी लातूरला गेलो तेव्हा पत्ता काढत त्यांच्याकडे गेलो. घर एका डाळ मिलच्या मागे. गल्लीत तुरीच्या सालपटाची बारीक धूळ. अप्पा अंगणात उभे होते. वाळले होते, पण भस्म, पांढरा शर्ट सगळं तेच. “अरे, इंजिनिअर!” म्हणून त्यांनी मला जवळ घेतलं. त्यांची मुलगी महानंदा दारात आली, हसून आत पाणी आणायला गेली.

शेजारी एक शिक्षक राहत. त्यांची गाडी तेव्हाच चालू होईना. नुसती टकटक व्हायची. ते कुंपणापाशी येऊन म्हणाले, “अप्पा, बघता का जरा?”

अप्पांनी दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवले. “मी कॉम्प्युटरच्या गाडीला हात लावत न्हाई, सर. हे बगतील. हे आमचे इंजिनिअर.”

मी जाऊन बॉनेट उघडलं. बॅटरीचं टोक सैल होतं, पिळून घट्ट केलं, झालं. परत आलो तर अप्पा म्हणाले, “टोक ढिलं होतं न्हवं? आवाजावरून वाटलंच.”

“मग सांगितलं का नाही त्यांना?”

“सांगितलं की हात लावावा लागतो.” त्यांनी हात पुढे घेऊन तळवे पाहिले. “ह्याचा भरवसा न्हाई राहिला. एक डाव लागला न्हवं का.”

मला वाटलं, ते मला टोमणा मारतायत. मी तसा खाली मान घालून उभा राहिलो. पण त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता.

“तुला आठवतं का रे,” ते म्हणाले, “त्या दिशी मी बल्बाची सुई कुटं ठेवलती? झाकणावरच ठेवलती न्हवं? का कडेला व्हती, आन् ट्रे काढताना माझ्याच धक्क्यानं जोडणीत गेली? रोज सकाळी पूजेला बसलो की त्येच येतंय. तळहातावर लिंग असतंय आन् डोक्यात ती सुई. सहा वर्सं झाली, काई केल्या आठवून न्हाई राहिलं.”

त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी त्या दुपारी मला ओळखलं नव्हतं, वाचवलंही नव्हतं. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता, बस्स. आणि मग सहा वर्षं स्वतःचा हात तपासत बसले होते.

“अप्पा, सुई झाकणावरच होती,” मी म्हणालो. “तुमच्या हातून काही झालं नाही. तुम्ही पाना आणायला गेलात तेव्हा मी ती उचलली. मी लावला बल्ब. चुकीच्या वायरीला लावला.”

महानंदा पाण्याचा तांब्या घेऊन दारात थांबली होती.

अप्पा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचे डोळे भरून आले आणि ते हसले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “लई चांगला हायस तू.”

“अप्पा, खरं सांगतोय. नकाशा दुसऱ्या मॉडेलचा होता. बल्ब लागून विझला. वास आला. मी सुई परत तिथेच ठेवली.”

“नगं रे. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून एवढं अंगावर घेऊ नये माणसानं.”

“मीच केलं अप्पा. देवाशपथ.”

“तू केलं असतंस तर तवाच बोलला असतास की,” अप्पा म्हणाले. समजूत घातल्यासारखं, एकेक शब्द सावकाश. “फेरोजभाईनं तुला तोंडावर इचारलं व्हतं. मी हितं, माधवराव हितं. माझी मान खाली गेलेली बगून तू गप राहिला असतास? तू तसला माणूस न्हाईस. मी का वळखत न्हाई तुला?”

ते महानंदाकडे वळले आणि म्हणाले, “ह्याला जेवल्याबिगर सोडू नको. माझी चूक आपल्या नावावर घ्यायला आलाय बग नांदेडहून.”

महानंदा तांब्या घेऊन पुढे आली. तिने मला पाहिलं आणि तिला सगळं कळलं. सहा वर्षं मी ज्या नजरेची खात्री धरून होतो, ती नजर खरी कशी असते हे मला तेव्हा समजलं. तिने ताट वाढलं, भाकरी, वरण, शेंगांची चटणी. अप्पा समोर बसून मला आग्रह करत होते आणि ती मुकाट्याने वाढत होती. मी जेवलो. नको म्हणायलाही तोंड लागतं.

निघताना माझी गाडी गल्लीतून मागे घ्यायची होती. गल्ली अरुंद, एका बाजूला गटार. अप्पा मागे जाऊन उभे राहिले. एरवी माणूस हात हलवून दाखवतो, इकडे घ्या, तिकडे घ्या. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते, गाडीला चुकूनही लागू नयेत असे, आणि नुसत्या तोंडाने सांगत होते, “येऊ द्या... येऊ द्या... या बाजूनं काई भ्या न्हाई... येऊ द्या.” मी आरशात त्यांच्याकडे बघत, ते सांगतील तशी गाडी मागे घेत गेलो.